पुढला रस्ता मोकळा आहे काय?



या व्यासपीठावर मोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी त्यांच्यापैकी नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मी मालमोटारीवर क्लीनर म्हणून चढलो. पुढे ड्रायव्हर झालो आणि गेली पंचवीस वर्षे ड्रायव्हर लोकांच्या संघटनेचे काम करतो. जे काही वाचन झाले ते केबिनमध्ये बसून, गाडी खोळंबली असताना. आमच्या घाटांत गाड्या वेळच्या वेळी चालल्या असत्या, तर मी अडाणीच राहिलो असतो. तेव्हा खोळंब्याचे माझ्यावर उपकार आहेत, हे प्रथम कबूल करून मी विषयाला हात घालतो.

विषय साधा आहे. गाडी हाकणाऱ्या माणसाला पुढल्या रस्त्याची वर्दी वेळेवर मिळावी, ही ड्रायव्हर लोकांची मागणी. दरड कोसळली असेल, गाडी उलटली असेल, जत्रेची गर्दी असेल, नाक्यावर अवजड गाड्या अडवल्या असतील, तर ते त्याला तिथे पोहोचण्याआधी कळावे. पुष्कळांना वाटते की ही मागणी मोबाईलबरोबर जन्मली आणि मोबाईलनेच ती पुरी केली. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, एवढेच मला आज सांगायचे आहे. त्यासाठी फार दूर जायला नको. ठाणे जिल्ह्यातले आपले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके पुरेत.

या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. शहापुरातून मुंबई–आग्रा रस्ता जातो आणि कसाऱ्याला थळ घाट चढून नाशिकच्या अंगाला लागतो. मुरबाडातून कल्याण–नगर रस्ता जातो, तो सरळगाव आणि टोकावडे टाकून माळशेज घाट चढतो आणि ओतूरवरून आळेफाट्याला पोहोचतो. शहापूरहून किन्हवलीवरून सरळगावाला येणारा रस्ता या दोन वाटांना जोडतो, आणि मुरबाडहून म्हसा करून कर्जत–खोपोलीकडे तिसरी वाट फुटते. म्हणजे आपले तालुके हे फाट्यांचे तालुके आहेत. फाट्याच्या अलीकडे ड्रायव्हर आपल्या मनाचा मालक असतो, कोणतीही वाट धरू शकतो. फाटा मागे पडला की तो घाटाचा कैदी होतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि भरलेली गाडी वळवायला जागा नाही. म्हणून वर्दीची किंमत मैलावर ठरत नाही. ती फाट्यावर ठरते. फाट्याच्या अलीकडे मिळाली तर ती वर्दी, पलीकडे मिळाली तर ती नुसती हकिकत.

ही गोष्ट आजची नाही. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत असत असे लोक सांगतात. आपण सहलीला जातो आणि रांजणाचे कौतुक करतो. मी मात्र पायथ्याशी उभा राहिलो की बैल हाकणाऱ्या माणसाचा विचार करतो. वर चढावे की मुक्काम करावा, हे तो कशावरून ठरवीत असेल? वरून उतरून आलेल्या तांड्यावरून. ‘वाट कशी आहे, पाणी आहे काय, कडा ढासळला आहे काय,’ असे तो विचारी आणि दुसरा सांगे. हाच वर्दीचा पहिला प्रकार, तोंडी आणि फुकट. त्यात एकच खोट होती. समोरून कोणी आलेच नाही, तर वर्दीही आली नाही.

आता शहापूरकडे या. मुंबई–ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली, तिचे रूळ १८६१ साली कसाऱ्याला पोहोचले आणि १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट ओलांडून गाडी इगतपुरीला गेली. घाटाची लांबी सुमारे ९ मैल, चढ ९७२ फूट. काही ठिकाणी तो सदतीस फुटांत एक फूट आहे. डोंगर फोडणारे हजारो हात होते, पण त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मात्र रुळांच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट त्या डोंगरात आली, ती तारेच्या खांबांची ओळ. तिच्या आधाराने आगगाडीच्या कामात एक रीत रुळली. या स्टेशनचा मास्तर पुढल्या स्टेशनला विचारी, ‘रस्ता मोकळा आहे काय?’ आधीची गाडी पुरी पोहोचली असेल तरच तिकडून ‘मोकळा’ असे उत्तर येई. ते उत्तर आल्यावाचून ड्रायव्हरला गाडी हलवण्याची परवानगी नसे. यालाच आपण लाईन क्लिअर म्हणतो. त्याचा कागद ड्रायव्हरच्या हाती पडे.

या रीतीतली खुबी नीट ध्यानात घ्या. इथे वर्दी देणे ही मेहरबानी नाही, ती कोणा एका माणसाची नेमलेली नोकरी आहे. वर्दीवर वेळ लिहिलेली असते. वर्दी चुकली तर जाब विचारता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्दी नसेल तर ड्रायव्हर थांबतो, आणि थांबल्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही.

हे सारे कंपन्यांच्या चांगुलपणातून आले असे मात्र समजू नका. ज्या विलायतेतून आपल्याकडे आगगाडी आली, तिथे ही पद्धत माहीत असूनही कित्येक कंपन्या खर्चाच्या भीतीने ती टाळत होत्या. १८७१ साली तिथल्या रेल्वे कामगारांची संघटना उभी राहिली. अपघात आणि कामाचे तास हे दोन प्रश्न तिने लावून धरले. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडात आर्मा गावाजवळ सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. मागच्या गाडीला पुढल्या रुळाची वर्दी नव्हती, नुसते ठराविक मिनिटांचे अंतर राखून ती सोडली होती. ८० माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला आणि उतारूंच्या गाड्यांना ही पद्धत सक्तीची झाली. वर्दीचा हक्क असा रक्त सांडल्यावर कायद्यात आला.

आता तुम्ही कसारा स्टेशनवर उभे राहा. रुळांवरच्या ड्रायव्हरला सिग्नल आहे, कंट्रोलचा टेलिफोन आहे, घाट उतरताना गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला अडवायला वर चढणारा वेगळा फाटा आहे. त्याच डोंगरातून, रुळांना पुन्हापुन्हा जवळ येत, आग्रा रस्ता चढतो. त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरला काय आहे? समोरून येणाऱ्याने हेडलाइट उघडझाप केला तर पुढे काही भानगड आहे एवढे कळते. बंद पडलेल्या गाडीमागे कोणी झाडाची फांदी आणि चार दगड ठेवले तर तेवढा इशारा. ढाब्यावर कोणी सांगितले तर ती बातमी. डोंगर एक, पाऊस एक, धोका एक. पण एकाला वर्दी हक्काने मिळते आणि दुसऱ्याला नशिबाने.

नशीब कसे असते ते माझ्याच एका फेरीवरून सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, श्रावणातली. नारायणगावच्या बाजूने टोमॅटो भरून मी कल्याणला निघालो होतो. पहाटेच्या बाजारात माल पोहोचला पाहिजे, असे मालकाने बजावले होते. आळेफाट्याला नेहमीच्या टपरीवर चहा घ्यायचा रिवाज, पण उशीर झाला म्हणून मी त्या दिवशी थांबलो नाही. मढच्या पुढे गेलो तो गाड्यांची रांग. माळशेजात दरड आली होती. पुढे रांग, मागे रांग, वर धो धो पाऊस. दोन रात्री आणि एक अख्खा दिवस आम्ही तिथे काढला. क्लीनर पोरगा तापाने फणफणला, त्याला माझ्या घोंगडीत गुंडाळून ठेवला. टोमॅटोचे पाणी ताडपत्रीतून गळू लागले. रस्ता मोकळा झाल्यावर कल्याणला पोहोचलो, तेव्हा माल घ्यायला कोणी तयार नव्हते.

मालकाने फेरीचा भत्ता दिला नाहीच, शिवाय नुकसानीपैकी रक्कम ठरवून ती माझ्या पगारातून चार महिने कापली. त्याचेही म्हणणे होते, ‘दरड मी पाडली काय?’ पण मला जास्त लागले ते वेगळेच. परतीच्या वेळी मी आळेफाट्याला चहाला थांबलो. टपरीवाला म्हणाला, ‘अहो, त्या दिवशी दिवेलागणीलाच मला कळले होते. माघारी आलेला एक गाडीवाला सांगून गेला. तुम्ही थांबला असता तर सांगितले असते.’ मी आळेफाट्यावरून निघालो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. त्याच वेळी वळलो असतो, तर चाकण, तळेगाव करून बोरघाट उतरलो असतो. डिझेल जादा लागले असते, पण माल पहाटे नाही तरी दुपारी पोहोचला असता. एका चहाच्या कपाने माझा चार महिन्यांचा पगार खाल्ला. टपरीवाला चांगला माणूस होता, पण मला सांगणे ही त्याची नोकरी नव्हती. ती कोणाचीच नोकरी नव्हती.

त्या कापलेल्या पगाराने मला वाचायला लावले. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मोटार परिवहन कामगार कायद्याची प्रत घेतली. हा कायदा १९६१ सालचा, २०२५ पर्यंत अमलात असलेला. त्यात दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास सांगितले होते. लांबच्या पल्ल्याला दिवसाचे दहा तास आणि आठवड्याचे चोपन्न. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने व्यापारी गाड्यांच्या चालकांना हेच तास लागू केले होते. वाचून मला आनंद झाला. मग तेराव्या कलमातला अपवाद वाचला. गाडी बिघडली, वाहतुकीत खंड पडला किंवा दैवी आपत्ती आली, तर या तासांपेक्षा जास्त काम घेता येई. त्याबद्दल जादा मोबदल्याचीही तरतूद होती. पण ज्याला फेरीवर पैसे मिळतात त्याचे तास मोजतो कोण? कागदावरचा अपवाद आमच्या रस्त्यावर नियम होऊन बसला आहे.

इथे माझ्या विषयाचे मर्म आहे. वर्दीचा प्रश्न सोयीचा नाही, तो मजुरीचा प्रश्न आहे. खोळंब्यात गेलेले तास कोणाच्या तरी खाती पडतात. आज ते मालकाच्या खाती पडत नाहीत, व्यापाऱ्याच्या पडत नाहीत, रस्ता बांधणाऱ्याच्या पडत नाहीत. ते ड्रायव्हरच्या झोपेतून वजा होतात. आणि झोपेतून वजा झालेला तास पुढच्या वळणावर कोणाच्या जिवावर निघेल, हे सांगता येत नाही. त्या वळणावर तुमचीही मोटार असू शकते.

बाहेरच्या जगात काय झाले तेही पाहू. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात १९५५ साली लॉइड सिग्मन नावाच्या नभोवाणीवरच्या गृहस्थाने पोलिसांकडून रस्त्याची वर्दी घेऊन ती लगेच ध्वनिक्षेपित करण्याची युक्ती काढली. अशा वर्दीला तिथे आजही त्याच्या नावावरून ‘सिग-अलर्ट’ म्हणतात. पश्चिम जर्मनीने १९७४ साली मोटारीतल्या नभोवाणी संचासाठी वाहतुकीच्या बातम्यांची खास यंत्रणा सुरू केली. जपानने १९९६ साली रस्त्याची चालू स्थिती थेट गाडीतल्या पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. त्यात विशेष घेण्यासारखे हे की वर्दी गोळा करणारे, तपासणारे आणि पोहोचवणारे तिथे नेमलेले असतात.

आपल्याकडे २०१२ साली गूगलच्या नकाशावर वाहतुकीचे लाल-हिरवे रंग दिसू लागले. मी त्याची निंदा करणार नाही. माझ्याही खिशात तो आहे. परंतु तो कसा चालतो हे समजून घ्या. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतले मोबाईल आपला ठावठिकाणा आणि वेग कळवत असतात. पुष्कळ मोबाईल एके ठिकाणी रेंगाळले की नकाशा तांबडा होतो. म्हणजे बातमी पिकवणारा ड्रायव्हरच. खोळंब्यात बसून तो ती पिकवतो, आणि मागून येणारा ती घेतो. नाणेघाटातल्या तांड्याचाच हा नवा अवतार, फक्त मध्ये एक बडा सावकार बसला आहे.

त्यात खोटही जुनीच आहे. घाटाच्या घळीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. नकाशा खोळंबा दाखवतो, पण दरड किती मोठी आहे, रस्ता तासात मोकळा होईल की चार दिवसांत, हे तो सांगत नाही. २०१३ च्या जुलैत माळशेज दरडीने कित्येक दिवस बंद राहिला. तशा वेळी तांबड्या रेघेचा काय उपयोग? शिवाय नेहमीचा नकाशा विचारतही नाही की तुमची गाडी चार चाकी आहे की चौदा चाकी. तो जवळची वाट म्हणून गावातली गल्ली दाखवतो आणि ड्रायव्हर एखाद्या अरुंद मोरीवर अडकून पडतो. मग गावकरी त्यालाच शिव्या देतात.

आणि दुसऱ्या बाजूचे पाहा. आता नवा समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ च्या मधल्या रात्री याच मार्गाच्या कामावर सरळांबे येथे तुळया चढवणारे यंत्र कोसळून २० माणसे मेली, हे आपण विसरू नये. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ साली कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. वेग वाढला, लेन सोडली, की दंडाचे चलन निघते. त्याला माझी हरकत नाही. पण ज्या डोळ्याला ड्रायव्हरची चूक क्षणात दिसते, त्या डोळ्याला पुढची दरडही दिसली पाहिजे, आणि त्या यंत्राला तोंडही असले पाहिजे. आमच्या जुन्या घाटरस्त्यांना तर धड डोळाही नाही आणि तोंडही नाही.

नव्या भारतीय न्याय संहितेत असे कलम घातले की बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना लगेच वर्दी न देता निघून गेला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर ड्रायव्हर लोकांनी त्याविरुद्ध चाके थांबवली. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. अपघात करून पळणाऱ्याची बाजू मी घेत नाही. जखमी माणसाला रस्त्यात टाकून जाणारा ड्रायव्हर आमच्या संघटनेला नको आहे. पण मला त्या कलमात एक गोष्ट दिसली. सरकारने मान्य केले आहे की रस्त्यावर वर्दी ही जीवनमरणाची वस्तू आहे, इतकी की ती न देणाऱ्याला दहा वर्षे डांबता येते. मग हाच न्याय उलट दिशेने का लागू नये? ड्रायव्हरने सरकारला वर्दी देणे हे कर्तव्य असेल, तर सरकारने ड्रायव्हरला वर्दी देणे हेही कर्तव्यच आहे.

म्हणून आमची मागणी तीन वाक्यांत मांडतो. पहिले, फाट्याच्या अलीकडे, म्हणजे आळेफाटा, सरळगाव, मुरबाड, शहापूर आणि घोटी येथे, घाटाची स्थिती मराठीत ठळक दाखवणारा फलक असावा, आणि त्यावर वर्दीची वेळ लिहिलेली असावी. दुसरे, तो फलक बदलणे ही नेमलेल्या माणसाची जबाबदारी असावी, ज्याला चुकल्यास जाब विचारता येईल. तिसरे, रस्ता बंद असताना गाडी थांबवणाऱ्या ड्रायव्हरचे ते तास कामाचे तास म्हणून मोजले जावेत आणि मालाच्या नुकसानीसाठी त्याचा पगार कापू नये. यातले तिसरे नसेल तर पहिली दोन निरुपयोगी आहेत. पगार कापला जाईल या भीतीने ड्रायव्हर फलक वाचूनही पुढे जाईल.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो मी लपवणार नाही. वर्दी मिळाली की सगळ्या अवजड गाड्या आडवाटेला लागतील. कसारा बंद झाला की किन्हवलीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागेल, आणि त्या रस्त्याच्या कडेने आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेला चालत जातात. गाडीवाल्याची सोय ही गावाची आफत होता कामा नये. म्हणून फलकावर नुसते ‘रस्ता बंद’ लिहून भागणार नाही. अवजड गाडीने कुठे थांबावे हेही सांगावे लागेल, आणि थांबण्याच्या जागी पाणी, संडास आणि सावली द्यावी लागेल. पुष्कळदा वर्दीचा अर्थ ‘दुसरीकडून जा’ असा नसतो. ‘इथे स्वस्थ झोप, सकाळी निघ’ असाही असतो. आगगाडीचा ड्रायव्हर सिग्नलपाशी थांबतो तेव्हा त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

मंडळी, आपण शहरातली माणसे. तुमच्या नळाचे पाणी शहापूरच्या भातसा-तानसातून येते, भाजी माळशेज उतरून येते, कांदा कसारा उतरून येतो. सकाळी भाजी महाग झाली की आपण व्यापाऱ्याला बोल लावतो. त्या रात्री घाटात काय झाले हे आपल्याला ठाऊक नसते. ते निदान ती भाजी आणणाऱ्याला तरी वेळेवर ठाऊक असावे.

घाटातल्या रुळांवर दीडशे वर्षांहून अधिक काळ एक प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून चाक हलत नाही. शेजारच्या रस्त्यावरचा ड्रायव्हर तोच प्रश्न समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला काच खाली करून विचारतो. त्याला उत्तर देणारा कोणीतरी नेमा, एवढेच आमचे मागणे आहे.